मजेचा चिखल

चिखल दोन प्रकारचा असतो, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही कॅझ डोंबेकमुळे. त्याआधी चिखल म्हणजे चिखल, पाय पुसायचे आणि घरात यायचं, एवढीच माझी समज होती.

आमचा स्टुडिओ डेट्रॉइटच्या उत्तरेला, एका बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारतीत होता. तिथे फक्त गाड्यांचे फोटो निघत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत मांस गोठवून ठेवत असतील. माझं काम फोटो निघाल्यानंतरचं. बॉनेटवर बसलेली माशी, बंपरमध्ये उमटलेलं फोटोग्राफरचं पोट, मॉडेल मुलीच्या गुडघ्यावरचं खरचटणं, हे सगळं मी रंगाच्या बारीक फवाऱ्याने नाहीसं करायची. कॅझचं काम फोटो निघण्याआधीचं. गाडीभोवती काय ठेवायचं ते तो बघायचा, आणि गाडी मळवायचा. गाड्या धुऊन पोट भरणारे आमच्याकडे ढिगाने होते. गाड्या मळवून पोट भरणारा मी हा एकच पाहिला.

खरा चिखल फोटोला चालत नाही. त्यात खडे असतात, रंगावर ओरखडे उठतात, आणि दिव्यांच्या उष्णतेने तो राखाडी होऊन पोपडे सुटतात. कॅझ स्वतःचा चिखल शिजवायचा. मुलतानी माती, ओटचं पीठ, भिंतीला कागद चिकटवायची खळ, वापरलेली कॉफी, आणि रंग जमेपर्यंत कोको. आधी गाडीला मेणाचे दोन हात, मग हा चिखल, मग सहा तास वाळवण. स्टुडिओत सगळीकडे चॉकलेटचा वास सुटायचा आणि मला दुपारी बारालाच भूक लागायची.

पंधरा वर्षं त्याच्या चिखलाला कुणी नावं ठेवली नव्हती. तेव्हा पिकअप म्हणजे ओझी वाहायची गाडी. जाहिरातीत सिमेंटची पोती, मागे बांधलेलं वासरू, बाह्या सरसावलेला माणूस. कॅझला यात शिकायचं काही नव्हतं. मिशिगनचा नकाशा हाताच्या पंजासारखा दिसतो, त्यामुळे कुठला तू, असं विचारलं की तिथला कुठलाही माणूस करतो तसा तो उजवा तळवा पुढे धरायचा आणि अंगठ्याच्या नखाजवळ बोट ठेवायचा. तिथे त्यांची बिटाची शेती होती. ऑक्टोबरात बीट निघतं तेव्हा तिथली जमीन कशी होते हे त्याला पाठ होतं. आणि तो ते गाडीवर लिहून काढल्यासारखं काढायचा.

मग आलं शहात्तर साल. कंपनीतल्या मोठ्या लोकांच्या एकदम लक्षात आलं, की ज्यांना ओझी वाहायची होती त्यांच्या गाड्या घेऊन झाल्यात. उरलेत ते, ज्यांच्याकडे वाहायला काहीच नाही. हिशेबनीस, औषधवाले, विम्याचे एजंट. त्यांना पिकअप विकायचा तर तो खेळणं म्हणूनच विकायला हवा. रातोरात आमच्या स्टुडिओतलं वासरू गेलं आणि गिटार आली. सिमेंट गेलं, पतंग आले. व्हॅनच्या आतल्या भिंतींना गालिचा लागला, बाजूला गोल खिडकी आली, आत पलंग आणि इवलासा फ्रिज. मला स्वतःला याचं फार कुतूहल वाटायचं. फळीवरच्या वस्तूकडे मूल बघतं तशी मोठी माणसं त्या व्हॅनकडे बघायची, आणि मी त्यांच्याकडे.

पुढल्या वर्षीच्या ब्रोशरसाठी ओळ ठरली होती, 'सोमवारपर्यंत मोठं व्हायची गरज नाही.' ती लिहिणारा जाहिरात संस्थेतला टेरी व्हँडरलान. एकोणतीस वर्षांचा, कानाखाली जाड कल्ले, आणि फेब्रुवारीतही उन्हात रापलेला. कुठे रापायचा देव जाणे.

एका गुरुवारी कॅझने नमुना म्हणून एक जुना पिकअप मळवून ठेवला. टेरी त्याभोवती दोन चकरा मारून आला.

"कॅझ, हे काय आहे?"

"चिखल."

"ते दिसतंय मला. पण हा कामाचा चिखल आहे. बघून वाटतं, गाडीवाल्याची गाय आजारी आहे. मला मजेचा चिखल पाहिजे."

"चिखलात कसली आलीय मजा?"

"हेच! हेच म्हणतोय मी. तुला मजा कशाशी खातात ते माहीत नाही, मग तुझ्या चिखलात ती येणार कुठून?" टेरी आवाज चढवत नसे. उलट खाली आणायचा, आणि ते जास्त झोंबायचं. "तीन आठवड्यांनी खरी गाडी येतेय. त्या दिवशीही हा असाच रडका निघाला तर मी कॅलिफोर्नियाहून माणूस आणणार. पाहुणा म्हणून नाही, कायमचा."

म्हणजे कॅझ परत गाड्या धुवायच्या शेडमध्ये. तिथूनच तो वर आला होता, आणि साठीला एक वर्ष कमी होतं.  टेरी गेल्यावर तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला आणि टोपी हातात फिरवत राहिला.

"रडका म्हणाला," तो म्हणाला. "वर्ना, तुला माहितीये मजेचा चिखल कसा असतो?"

"मला कशाला विचारतोस? मी फिनलंडहून आलेल्या घरातली. आमच्याकडे मजा आठवड्यातून एकदाच. शनिवारी, वाफेच्या खोलीत, तीही तोंड न उघडता."

"मग कुणाला विचारू?"

मला माहीत होतं कुणाला. ऑर्टनव्हिलच्या पुढे खडीची एक जुनी खाण होती. रविवारी तिथे लोक आपापले पिकअप घेऊन चिखलात घालायला जमत. माझ्या मावसबहिणीचा नवरा जायचा आणि सोमवारी बहीण मला फोन करून त्याचा उद्धार करायची. मी म्हटलं, चल, मी घेऊन जाते. खरं सांगायचं तर कॅझपेक्षा मलाच जास्त बघायचं होतं. न विचारता चौकशी करणं हा आमच्या घराण्याचा दोष आहे.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून कॅझ आला तो टाय लावून, हॅट घालून. खिशात वही आणि मोजपट्टी. खाणीत वीसेक गाड्या होत्या. घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, कुणी सॉसेज भाजतंय, कुणी बटाट्याचं सॅलड वाढतंय, आणि मध्ये पावसाच्या पाण्याचं एक पिवळट तळं. एक टकला माणूस लाल पिकअप घेऊन त्या तळ्यातून पलीकडे गेला, वळला, परत आला. परत गेला, परत आला. कॅझने मोजलं, अकरा वेळा. मग तो माणूस उतरला आणि कॅझ हॅट काढून त्याच्यापुढे उभा राहिला.

"पलीकडे काही काम असतं का तुमचं?"

"पलीकडे कुठे?"

"तळ्याच्या."

"छे."

"मग जाता कशाला?"

"परत यायला."

"पण बाजूने कोरडा रस्ता आहे."

"हो, तिथून बायको जाते की, सँडविच आणायला."

कॅझने हे वहीत लिहून घेतलं. तो माणूस दातांचा डॉक्टर निघाला, फार्कस नावाचा. त्याला वाटलं कॅझ सरकारी माणूस आहे आणि खाण बंद करायला आलाय. नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

"आठवडाभर मी लोकांच्या तोंडात बघतो हो," डॉक्टर म्हणाला. "मी खोलीत शिरलो की माणसं खुर्चीचे हात घट्ट पकडतात. मला बघून आनंद झालाय असा एक चेहरा नाही. इथे आलो की... तुम्हीच चालवून बघा ना एकदा."

"नको. मी कामावर आहे."

आणि खरोखरच तो कामावर होता. त्याने प्रत्येक गाडीभोवती फिरून, वाकून, मोजपट्टी लावून चिखल पाहिला. मी मागून वही धरून. लोक आमच्याकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होते. पण त्या दुपारी कॅझने मला जे दाखवलं ते मी आजतागायत विसरले नाही. कामाच्या गाडीला चिखल असतो तो माणसाच्या हातापायांनी लागलेला. दाराच्या मुठीवर, पायरीवर, मागच्या फळीवर, जिथे जिथे माल चढवायला हात लागतो तिथे. तो थरांचा असतो, कालचा वाळलेला आणि आजचा ओला. आणि काच, दिवे, नंबराची पाटी तेवढी बाहीने पुसलेली, कारण उद्या परत जायचंय. खेळातली गाडी एका दमात मळते. एकच रंग, एकच थर, चाकापासून पंख्यासारखा वर गेलेला, थेट टपापर्यंत. पायरी स्वच्छ, कारण खाली उतरायचं कुणाला असतं? आणि हाताने पुसलेलं कुठेच काही नाही.

"आणि हे बघ," तो म्हणाला. डॉक्टरच्या गाडीच्या टपावर, शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला, चिखलात पंजा उठला होता. पाचही बोटं. पुढच्या गाडीलाही तसाच. तिच्या पुढचीलाही.

"हा कशाचा?"

"शेजारी बसलेलं माणूस खिडकीतून हात काढून टप ठोकतं," कॅझ म्हणाला. "मी बघितलं मघाशी. चल, अजून जोरात, असं."

 परतताना तो म्हणाला, "आमचा ट्रक शेतात रुतला की बाबा आधी टोपी काढायचे आणि मग शिव्या द्यायचे. मी मागून ढकलायचो. हे लोक रुतले तर टाळ्या वाजवत होते. ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"आणि शेजारची जागा. कामाला माणूस एकटा जातो, वर्ना. बाबांच्या शेजारच्या जागेवर कायम साखळी आणि फावडं. मी अख्ख्या जन्मात त्या बाजूला पंजा काढला नसता."

आता त्याला पंजा हवा होता. मी माझा देऊ केला तर त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि परत केला. म्हणाला, तू ठोकशील ती टेबलावरची माशी मारल्यासारखी. ठोकावं तर लॉटीने. लॉटी म्हणजे त्याची बायको. पत्त्यांत हुकूम टाकताना ती टेबलावर असा हात आपटायची की शेजारच्या टेबलावरचे लोक आपापले पत्ते छातीशी धरायचे, हे मी स्वतः त्यांच्या चर्चच्या तळघरात पाहिलेलं.

हॅमट्रॅम्कला त्यांच्या घरी गेलो तेव्हा लॉटी पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्या, उकळत होती. ऐकून तिने झारा खाली ठेवला.

"एकतीस वर्षं संसार केला. एक दिवस कामावर घेऊन गेला नाहीस. आणि आता नेतोस ते चिखलात हात घालायला?"

"साधा चिखल नाही तो. ओटचं पीठ आहे त्यात. कोको आहे."

"मग बायकांना तोंडाला लावायला वीक ना, श्रीमंत तरी होशील! वर्ना, तूच सांग, माणसं बायकोला नेतात ते धबधबा दाखवायला, पूल दाखवायला. आमचा हा मुलखावेगळा."

"पाच मिनिटांचं काम आहे गं."

"येईन. पण नवा कोट घालून येईन, आधीच सांगते."

"जूनमध्ये कोट?"

"तुला काय करायचंय? घेतल्यापासून घालायला जागा कुठे मिळालीय?"

खरी गाडी आली जूनच्या शेवटच्या सोमवारी. नवी गाडी बाजारात यायची शरदात, म्हणून तोवर ती कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये. अख्ख्या जगात ती एकच होती, कंपनीच्या कारागिरांनी हाताने घडवलेली. समोरचे मडगार्ड आणि बॉनेट पत्र्याचे नव्हतेच, फायबरचे होते. इंजिन चालायचं, पण गाडी फक्त जागेवरून जागेवर न्यायची, चालत्या माणसाच्या वेगाने, असा कंपनीचा हुकूम होता. सोबत ताडपत्री आणि कंपनीचा पहारेकरी. जाहिरात संस्थेने तीच खाण दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली होती, त्यामुळे आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

कॅझने दुपारी बाराला हात घातला आणि चारला हात धुतले. पंखा चाकापासून निघून दारावरून टपावर गेला होता. पायऱ्या कोऱ्या. काचेवर वायपरची कमान. मग त्याने लॉटीला शेजारच्या जागेवर बसवलं. नव्या निळ्या कोटाची बाही कोपरापर्यंत चढवून तिने खिडकीतून हात काढला आणि ओल्या चिखलात असा एक ठोका दिला की पहारेकरी दचकून उठला.

पाचला टेरी आला. एक चक्कर मारली, दुसरी मारली, तिसरीला हसायला लागला. "हा! हा बघ! हा मजेचा! आणि हा पंजा कुणाला सुचला?"

कॅझने हात पुसले फक्त. पण त्याचे कान लाल झाले होते. नोकरी राहिली म्हणून नव्हे, हे मी पैजेवर सांगेन.

फोटो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना निघायचा होता, कारण तेव्हाच तासभर ऊन खाणीच्या कडेवरून तिरपं आत येतं. चिखलाला धक्का लागू नये म्हणून ताडपत्री लाकडी चौकटीवर टाकली आणि आम्ही घरी गेलो. लॉटी म्हणाली, माझा पंजा आहे, फोटो निघताना मी हजर राहणार. कोटासकट.

सकाळी आम्ही पोचलो तर गाडी लखलखत होती. आरशासारखी. तिच्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते उघडं होतं.

पहाऱ्याची पाळी पहाटे चारला बदलली होती. नवा पहारेकरी, ऑरव्हिल प्रुइट नावाचा पन्नाशीचा साधा माणूस, बाह्या ओल्या, हातात बादली घेऊन हसत पुढे आला.

"काही काळजी करू नका," तो हळूच म्हणाला. "मी वर कळवलेलं नाही. ताडपत्री उचलून बघतो तर काय! गाडी चालवायची नाही, असा कागदावर हुकूम आहे, आणि पोरांनी रात्री तळ्यात घालून आणलेली. टपावर पोरीच्या हाताचा ठसासुद्धा. म्हटलं, कुणाची तरी नोकरी जाईल बिचाऱ्याची. उजाडायच्या आत सगळी धुऊन काढली. तेवढं त्या पोरीला सांगा, ठोकताना जरा बेताने."

"ती पोरगी मी," लॉटी म्हणाली.

टेरी एका खोक्यावर बसला आणि त्याने डोकं धरलं. मला वाटलं कॅझ प्रुइटच्या अंगावर धावून जाईल. मी गेले असते. कॅझ मात्र गाडीजवळ गेला आणि दाराच्या कडेतून, मुठीखालून, काचेच्या रबरातून बोट फिरवून बघत राहिला. कुठेही कण नव्हता. "चांगली धुतली आहेस," तो प्रुइटला म्हणाला. धुवायच्या शेडमधून आलेला माणूस, त्याला ते कळत होतं.

"परत लावायला किती वेळ?" टेरीने विचारलं.

"लावायला चार तास. वाळायला सहा. ओला तसाच ठेवला तर ओघळतो, रडका दिसतो."

"ऊन तासभर आहे. बाराला गाडी परत गेली पाहिजे." टेरीचा आवाज आज खाली नव्हता. "मग खरा थाप ना! इथे सगळीकडे तोच पडलाय!"

"खरा थापून बसत नाही, साहेब. तो उडूनच बसावा लागतो."

 कडेवर ऊन दिसायला लागलं होतं.

"मग उडव," लॉटी म्हणाली.

"ही चालवायची नसते."

"अजिबात नाही!" प्रुइट म्हणाला. मग त्याने आपल्या हातातल्या बादलीकडे पाहिलं, आणि कॅझकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं हे," तो पुटपुटला आणि रस्त्याकडे तोंड करून, कुणी येतंय का ते बघत उभा राहिला. टेरी उठला. "मी कॉफी प्यायला जातोय," तो म्हणाला. "पाच मिनिटं मला काहीच दिसणार नाही."

ब्रोशरच्या फोटोसाठी आणलेली तरुण मॉडेल जोडी मागच्या व्हॅनमध्ये केस वळवून घेत होती. त्यांना तळ्यात घालणं कुणाच्या बापालाही शक्य नव्हतं. कॅझ चढला. तो दार लावतो न लावतो तोच लॉटी पलीकडून चढून बसली.

"तू कशाला? कोट बघ!"

"ती बाजू रिकामी नको, असं तूच म्हणालास ना? चल."

पहिली फेरी त्याने अशी मारली जणू मागे बिशप बसलेत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, नजर बाजूच्या आरशात. पाणी फाकलं, चाकांनी चिखल उचलला, आणि तो दारावर नेमका पंख्यासारखा चढत गेला. तळ्यातून बाहेर आल्यावर कॅझ हळू झाला. आमचा फोटोग्राफर हॅल ओरडला, "बस! झाला! तिथेच थांबव!"

झालाच होता. तेवढाच पुरे होता. मला वाटलं तो आता थांबतोय.

त्याने गाडी वळवली. आणि या वेळी जी मुसंडी मारली, ती डॉक्टर फार्कसनेही मारली नसती. गाडी तळ्यात शिरली ती पाण्याची भिंत दोन्हीकडे उभी करत. लॉटीचा निळा हात बाहेर येऊन टप ठोकत होता आणि ती पोलिशमध्ये काहीतरी ओरडत होती. हॅलला सवय अशी, की समोर गाडी हलली की बोट दाबलंच जातं. तो दाबत सुटला. तिसऱ्या फेरीला कडकन आवाज झाला. डावं मडगार्ड हातभर चिरलं होतं.

कॅझ गाडी कडेला आणून खाली उतरला. हॅट कुठेतरी गेली होती, टकलावर चिखल. लॉटीला हसता हसता उचकी लागली होती आणि कोट ओळखू येत नव्हता.  टेरी कॉफीचा पेला हातात धरून परत आला होता, आणि पेला तिरपा होऊन कॉफी बुटावर सांडतेय हे त्याला कळत नव्हतं.

बाराला कंपनीचे लोक गाडी न्यायला आले. कुणी विचारायच्या आत कॅझने हात वर केला. "मी चालवली," तो म्हणाला. "यांना कुणाला माहीत नव्हतं." प्रुइट पुढे सरकला तर कॅझने त्याला कोपराने मागे सारलं. टेरी मला कधी आवडला नाही, पण खोटं कशाला बोलू, तो आमच्या मालकांपुढे कॅझसाठी बराच भांडला. उपयोग झाला नाही. हाताने घडवलेली एकुलती एक गाडी. शुक्रवार कॅझचा शेवटचा दिवस ठरला. धुवायची शेडसुद्धा नाही.

फोटोंचं म्हणाल, तर नंतर त्या जोडीला गाडीशेजारी उभं करून काढलेले सगळे थंड निघाले. एकच फोटो होता, दुसऱ्या फेरीतला. टेरीने त्याच्या कडेला लाल पेन्सिलीने लिहिलं, 'चिखलाला हात लावू नये.' खाली लिहिलं, 'माणसं बदलावीत.' एकोणसाठ वर्षांचा टकला आणि त्याची बायको बघून कोण पिकअप घेणार? तेव्हा कॅझ आणि लॉटीला पुसून तिथे ती तरुण जोडी बसवायची होती. ते काम अर्थात माझं.

शुक्रवारी दुपारी कॅझ आपली फडताळं आवरून माझ्या टेबलाजवळ स्टूल ओढून बसला. भिंग लावून त्याने दारावरचा चिखल इंच इंच तपासला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"मी तुला पुसतेय, कॅझ."

"पूस की. चिखल राहतोय ना?"

मला रडू येत होतं, आणि रागही. मी ब्रश खाली ठेवला आणि तीन दिवस मनात खदखदत होतं ते विचारलं.

"पहिल्या फेरीत काम झालं होतं. हॅल ओरडला ते तू ऐकलंस. दुसरी कशाला मारलीस? थांबला असतास तर आज तुझी नोकरी असती."

त्याने बराच विचार केला. थट्टेवारी नेलं नाही.

"पहिल्या फेरीत मी आरशात चिखल बघत होतो," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी बघायचं राहून गेलं."

मग त्याने टोपी घातली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

सोमवारी टेरी आला तेव्हा मी दोघांनाही पुरतं बदललं होतं. तिकडे सोनेरी केसांची मुलगी, इकडे कॅझच्या जागी दाट भुवयांचा तरुण. टेरीने फोटो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"काहीतरी चुकतंय. चिखल मजेत आहे आणि हा पोरगा दातांची पावडर विकतोय. मजा कुठे गेली याच्यातली?"

तो गेल्यावर मी फोटो परत टेबलावर घेतला. त्या तरुणाचे केस ठेवले, भुवया ठेवल्या, नाक ठेवलं. तोंड तेवढं खरवडून काढलं आणि मूळच्या फोटोतून कॅझचं तोंड तिथे आणून बसवलं. ते सताड उघडं होतं, खालचा एक दात तिरका. पंधरा वर्षं शेजारी काम करून तो दात मी कधी पाहिला नव्हता. तो तसाच राहू दिला. फक्त गालांच्या सुरकुत्या बुजवल्या.

दुपारी टेरीने फोटो हातात घेतला आणि त्याच्याही तोंडावर आपोआप हसू आलं.

"हा! आता बघ," तो म्हणाला. "या माणसाला मजा कळते."

मी म्हटलं, हो, कळते. आणि त्याला सांगितलं, कोण ते.